दारात आलेला निरोप

चंद्रभानला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा भंडाऱ्याच्या आमच्या तांदूळ कंपनीतले सगळे कॉम्प्युटर बंद होते, सगळे फोन वाजत होते आणि टेबलाखाली हा वायरींत असा गुंडाळला गेला होता, की वैनगंगेचा पूर जाळ्यासकट एखादा मासा ऑफिसात सोडून गेला असावा. माशाने हात जोडून नमस्कार केला.

साल २००९. धान खरेदी, गोदामं, आस्थापना, पगार अशा प्रत्येक कामाला कंपनीने वेगळं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि कोणाला कोणाची भाषा कळत नव्हती. मध्ये चंद्रभान. एकाचा निरोप एक्सएमएल नावाच्या सामाईक साच्यात बांधून यायचा, आत लिहिलेला विभाग वाचून तो योग्य सॉफ्टवेअरकडे जायचा. हे नियम चंद्रभानने लिहिलेले. नोकरी मात्र तात्पुरती, आणि त्याचं जिच्याशी लग्न ठरत होतं त्या करुणाच्या वडिलांची, सिहोऱ्याच्या तुलारामजींची, अट स्पष्ट होती: पोरगा भंडाऱ्यात कायम झाला, तरच करुणा देऊ.

विभाग ओळखू न येणारा निरोप अडवून माणसाला दाखवायचा, असा या कामातला रिवाज. चंद्रभानला तो पटेना.

"दारात आलेल्याले उभं काहून ठेवाचं, मॅडम?" तो आमच्या साहेब रीताताईंना म्हणाला. "मी त्याले मोहाडीच्या गोदामात पाठवून राहिलो. तिथले गोदामवाले इश्वरभाऊ कोनालेच नाही म्हनत नाही."

"इश्वरभाऊ माणूस आहे, चंद्रभान. हा निरोप आहे."

"म्हनून का त्याले बस बी नाही म्हनाचं?"

मोहाडीचं सॉफ्टवेअर खरोखरच काहीही ठेवून घ्यायचं. एकदा रीताताईंची रजा तिथे बारदान्यात, रिकाम्या पोत्यांच्या हिशेबात, जमा झाली.

मार्चमध्ये चंद्रभानला कायम केल्याचा आदेश निघाला. आस्थापनेने विभाग लिहिला 'संगणक'. असा विभाग कंपनीत नोंदलेलाच नव्हता. निरोप दारात क्षणभरही ताटकळला नाही. मोहाडीने चंद्रभानला आपल्या माणसांत जमा केलं आणि पगाराच्या सॉफ्टवेअरला तसं कळवलं. रीताताईंनी घाईघाईने दुरुस्ती पाठवायला लावली. आस्थापनेने ती त्याच विभागाच्या नावाने पाठवली.

संध्याकाळी इश्वरभाऊंचा फोन आला. "दोन निरोप आले रे तुहे. दोन्ही घेतले मी. फिकर नको करू."

एकाच माणसाचे दोन आदेश मोहाडीत पोचलेले पाहून वरच्या साहेबांनी शंका ठेवली नाही. आठवड्याभरात चंद्रभानच्या भंडाऱ्याहून मोहाडीला बदलीचं पत्र आलं.

करुणाचं लग्न भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या मुलाशी झालं. चंद्रभान मोहाडीच्या गोदामात कायम आहे.