बिनसायीचं दूध

ज्या समाजात रोज पहाटे कुणीतरी ताजं दूध घेऊन दाराशी येतं, त्या समाजाला विश्वासाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही, हे वाक्य मी माझ्या धाकट्या भावाला अनेकदा ऐकवलं आहे. तो बेल्जियममध्ये राहतो. तिकडे दूध फडताळात, साबणाच्या शेजारी ठेवतात; काही क्षण प्रचंड तापवलेलं, हवाबंद खोक्यात भरलेलं, महिनोन्‌महिने टिकणारं. आठवड्यातून एकदाच बाजार, फ्रिज लहान, आणि तिथल्या लोकांच्या जिभेवर लहानपणापासून तीच चव, ही त्याने सांगितलेली कारणं. मला ती पटली नव्हती. दारात येणारं माणूसच नसेल तर लोक खोकी साठवणार, असं माझं निदान होतं.

आमच्या भिवंडीत गणपत येत असे. टेमघरच्या बाजूने, किटल्या लटकवलेल्या मोटारसायकलवरून. त्याच्याबरोबर पेंडीचा, ओल्या वैरणीचा, म्हशींच्या उबेचा एक गंध जिना चढून येई, आणि माघातल्या धुकट उजेडात पातेल्यात पडणारी ती शुभ्र धार पाहताना आपण काहीतरी फार प्राचीन जपतो आहोत असं मला वाटे. जपण्यातला माझा वाटा दार उघडण्यापुरता. तापवणं, साय साठवणं, लोणी कढवणं हे माझ्या पत्नीकडे, सुनंदाकडे.

गेल्या हिवाळ्यात साय धरेनाशी झाली. सुनंदाने आधी गॅसच्या आचेला दोष दिला, मग पातेल्याला, शेवटी स्वतःच्या हाताला. आयुष्यात प्रथमच तिने तूप विकत आणलं. त्याच सुमारास भाऊ येऊन गेला. पेला रिकामा करून, डोळे मिटून म्हणाला, "दादा, ही चव तिकडे मेलो तरी मिळणार नाही." मी विनयाने मान झुकवली.

एके सकाळी दूध गाळताना गाळणीत कागदाचा एक त्रिकोणी तुकडा आला, आतून चांदीसारखा चकाकणारा. गणपत अजून दारातच होता.

"हे म्हशीनं दिलं का रे?" सुनंदाने विचारलं.

तो जिन्याकडे पाहत राहिला. "म्हशी इकल्या, वहिनी. दिवालीलाच. गोठ्याची जागा गोदामाला दिली. मी राहनाळला गोदामात ड्युटी करतो, तिथं दुधाची चेपलेली खोकी सस्त्यात भेटतात. पन दूध चांगलं हाय."

"आणि सांगायला तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं तं तुम्ही रतीब ठेवला असता?"

"नसता ठेवला."

"मंग? इतक्या वर्सांची फेरी. सकालचा उठून जाऊ कुठं?"

चार महिने सुनंदा आपल्या हाताला दोष देत होती, आणि हा रोज समोर उभा राहून तो देऊ देत होता. "उद्यापासून येऊ नकोस," ती म्हणाली. तो गेला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो गंधही दिवाळीपासूनच नाहीसा झाला असणार. मला मात्र तो रोज येत राहिला होता. फसवणुकीला दोन माणसं लागतात आणि त्यातलं दुसरं बहुधा फार आनंदात असतं.

मी शोधाशोध करून दुसरा गवळी लावला. त्याच्या म्हशी मी स्वतः मोजून आलो. पहिल्याच दिवशी बोटभर साय आली.

ते दूध घरात कुणी पीत नाही. त्याला म्हशीचा वास येतो.