भिवराबाईचे बिनकामाचे थांबे

भिवराबाई मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे तिच्याबद्दल एखादं चांगलं वाक्य आलंच, तर ते माझ्या मनाविरुद्ध आलंय असं समजावं.

दुष्काळाच्या त्या साली धारूरला आमच्या गल्लीत टँकर चार दिवसांआड यायचा. रांगेत तिनं माझी घागर पायानं मागं सारली आणि म्हणाली, "बीएबाई, हितं नंबर शिक्षणावर लागत न्हाई." तेव्हापासून गल्लीत मी बीएबाई झाले.

तिचं माहेर वडवणीकडचं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, मुंजाजीबरोबर, तिनं एकोणीस हंगाम ऊस तोडला. त्या साली ऊसच नव्हता, म्हणून टोळ्या गावातच राहिल्या. हाताला काम हवं म्हणून गल्लीतल्या बायकांनी गोधड्या शिवायची सहकारी संस्था काढली. भिवराबाई अध्यक्ष झाली, कारण तिच्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती नव्हती. मी चिटणीस झाले, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी नव्हतं.

गोधड्या चाळीस झाल्या आणि गावात घेणारं कुणी नाही, तेव्हा जयपूरपर्यंत जायचं ठरलं. वाटेत हातमागाच्या, हस्तकलेच्या जितक्या दुकानांत माल दाखवता येईल तितक्यांत दाखवायचा. केजचा सलीम त्याची जीप घेऊन येणार होता. भिवराबाई धरून तिघी बायका, त्यांत मी नाही, आणि हिंदी बोलायला, मोबाइलवर रस्ता बघायला माझी मुलगी योगेश्वरी. वीस वर्षांची. मे महिना, नऊ दिवस, सेंधव्याचा घाट. लेकीला न्यायचं ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

भिवराबाईच्या ओसरीवर बैठक बसली. योगूनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सगळं लिहून आणलं होतं.

"पैठण, पैठणी विणणाऱ्यांकडे दोन तास. मग महेश्वर, तिथं हातमागवाल्यांची दुकानं, अर्धा दिवस. इंदूरला जेवण..."

"आन् बघायचं कदी?" भिवराबाईनं विचारलं.

"दुकानंच बघायचीत ना, मावशी."

"दुकान कामाचं. मी बिनकामाचं इचारते."

सलीम हसला. "मावशी, बिनकामाचं थांबले तर जयपूर दिवाळीला येतंय."

"तू गप बस. एकोणीस साल गाडीत बसले मी. मुकादमाला लघवी लागली की गाडी थांबायची, मला लागली की न्हाई. कोल्हापूरकडं चार डाव गेल्ते. देवी बघितली न्हाई. लांबून कमान दिसली, ट्रॉलीतून हात जोडले, तवर कमान मागं. आता जी गाडी करतो, ती आमी म्हणल तिथं थांबंल. चौघींचा एकेक थांबा. बिनकामाचा." तिनं योगूकडं बोट केलं. "माजा महेश्वरला. नदीत पाय घालून बसायचं."

मला राहवलं नाही. "पाणी बघायला एवढ्या लांब कशाला? टँकर दारात येतो की."

"टँकरात पाय घालू देत न्हाईत, बीएबाई."

बायका हसल्या. योगूही हसली, ते मला जास्त लागलं.

"लिव्हा ठरावात," ती म्हणाली. मी 'स्थलदर्शन' असं लिहिलं. तिनं वही ओढून योगूकडून वाचून घेतली. "हे कुटलं? खोडा. मी काय म्हणले ते लिव्हा." मी खोडलं. त्या वहीत आजही माझ्या अक्षरात 'बिनकामाचे थांबे : चार' असं आहे.

मग मी उठून सांगितलं, योगू येणार नाही.

"कावून?"

कारणं माझ्याजवळ पुष्कळ होती, पण 'मला भीती वाटते' हे तिच्यापुढं म्हणायचं नव्हतं. म्हणून मी पिशवीतलं पत्र काढलं. औरंगाबादच्या एका दुकानानं नमुन्याची गोधडी परत पाठवली होती. एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. दुकानवाल्या बाईनं लिहिलं होतं, शिवणीत खायची वस्तू निघाली, असा माल नको.

खायची वस्तू म्हणजे भाकरी. भिवराबाई गोधडीचा शेवटचा कोपरा मिटायच्या आधी त्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा ठेवते. गोधडी उपाशी राहिली तर तिच्याखाली निजणारा उपाशी राहतो, असं तिच्या सासूनं ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिला शिकवलं होतं. संस्थेतल्या सगळ्याजणींना तिनं तेच करायला लावलं. ज्या साली ज्वारी डोळ्यांना दिसत नव्हती, त्या साली.

मी पत्र वाचून दाखवलं, हळू, प्रत्येक शब्द. ती ऐकत होती. मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

"सगळे कोपरे उसवा," मी म्हणाले. "एकही तुकडा राहिला नाही तर योगू येईल. नाहीतर परक्या मुलखात दुकानदारांपुढं माझ्या लेकीनं मान खाली घालायची नाही."

ती उसवणार नाही याची मला खात्री होती. माझी घागर मागं सारणारी बाई सासूचा शब्द कशी मागं सारेल?

ती एवढंच म्हणाली, "लई शिकलाव, बीएबाई."

दोन दिवस तिच्या ओसरीवर कुणी बोलताना ऐकू आलं नाही. योगू तिकडं जाऊन यायची आणि माझ्याशी न बोलता जेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई दारात उभी. हातात परात. परातीत वाळून खडे झालेले भाकरीचे तुकडे, आणि तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"मोजून घ्या. एकूणचाळीस. चाळिसावा उंदरानं नेला."

मी परातीकडं बघितलं नाही.

"पोरीची पिशवी भरा. सलीम उद्या पाचला येतो." परात तिनं माझ्या उंबऱ्यावर ठेवली. मग काखेतली घडी काढून माझ्या हातात कोंबली. जुन्या लुगड्यांची, वापरून मऊ झालेली गोधडी. "ही इकायची न्हाई. माजी हाय. जीपमधी पोरगी हिच्यावर निजंल."

"कोपरा उसवलाय ना?" मी विचारलं.

"तुमी इकायच्या मालाचं बोललताव," ती म्हणाली आणि वळून गेली.

मी तिचे आभार मानले नाहीत. ती सहा पावलांवर होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आमचं बोलणं तसंही आजपर्यंत धड नाही.

आत येऊन मी घडी उलगडली. चारही कोपरे चाचपले. चौथ्यात बोटाला काहीतरी टणक लागलं. योगूची पिशवी भरून तयार होती, तिनंच दोन दिवसांपूर्वी भरली होती, मला न विचारता. मी ती उघडली, कपडे दाबून जागा केली आणि गोधडी सगळ्यांत वर ठेवली, तो कोपरा आतल्या बाजूला करून.