आईच्या सवतीचं चाक

आईने उभ्या जन्मात वाफेचं इंजिन पाहिलेलं नाही, पण भांडली मात्र त्याच्याशी जन्मभर. बाबा दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फायरमन होते, इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा घालायचे. शिमग्याला आणि गणपतीला तेवढे रत्नागिरीला यायचे, पडल्या पडल्या झोपायचे, आणि जागे झाले की दारापुढच्या खळ्यात बसून इंजिनाच्याच गोष्टी सांगायचे. "सवत हाय ती माजी," आई म्हणायची. "बारा म्हयने घोव तिच्याकडं, नि माज्याकडं पाव्हणा!" आमच्याकडे रेल्वे आली तोवर बाबा गेले होते, आणि आली तीही डिझेलची. तिचा भोंगा पहिल्यांदा ऐकून आई म्हणाली, "ह्यो कसला आवाज? रेडा वरडतोय मेला!"

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की तिचा एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याचाही फार भरवसा धरू नका. रिक्षात बसल्यावर मी रडायच्या बेतात, तर ही म्हणते कशी, "डोळे जायच्या आदी सवतीला बगायचंय मला. तू चित्रं काढायचीस ना गो कंपनीत?" मी लोटे गावातल्या एका कारखान्यात सगळी नोकरी पाइपांची ड्रॉइंगं काढण्यात काढली, त्याला आई चित्रं म्हणते. म्हटलं, मोबाइलवर फोटो दाखवते. "फोटूत माका काय दिसतंय कप्पाळ! हात लावून बगायचंय." झालं! म्हणजे मॉडेल करणं आलं.

साधन काय, तर बाबांचा एकच जुना फोटो. शेडच्या फरशीवर उभे, हातात फावडं, पाठ इंजिनाच्या मोठ्या चाकाला टेकलेली. इंजिनाचा नंबर धुरकटलेला. जुन्या इंजिनांची मापं इंटरनेटवर मिळतात, पण यातलं बाबांचं कुठलं, ते चाकाच्या उंचीवरूनच कळणार होतं: मेलगाडीच्या इंजिनाचं चाक मोठं, मालगाडीच्या इंजिनाचं लहान. आणि चाक मोजायचं तर शेजारी उभ्या माणसाची उंची हवी. बाबांची उंची कोणी कधी मोजली होती?

आईला विचारलं तर तिने क्षणभरही विचार केला नाही. "माजघराच्या दारातनं येताना त्येचे केस चौकटीला घासायचे. तेलाचा डाग पडायचा, मी पुसत बसायची." मी टेप घेऊन चौकट मोजली, फोटोवर पट्टी लावली, हिशेब केला. चाक असं काही आलं की मेलगाडीच्या इंजिनाला लहान आणि मालगाडीच्या इंजिनाला मोठं. पुन्हा केला, पुन्हा तेच. माझा ताबा सुटला. "तुला धड आठवत नाही, नि मी इथे डोकं फोडून घेतेय!" आईही काही कमी नाही. "माका आठवत नाय? ह्याच उंबऱ्यावर बसून मी त्येची वाट बगायची!"

मी उंबऱ्याकडे पाहिलं. त्यावर आता मांजरसुद्धा बसणार नाही, जेमतेम बोटभर वर आहे. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. बाबांच्या वेळी तिथे सारवलेली जमीन होती. नंतर त्यावर कोबा झाला, कोब्यावर लादी बसली. दार तेच, जमीन वर आली! कोठीच्या खोलीत जुनी जमीन अजून आहे, तिथून फरक मोजला तर चांगला चार बोटांचा. तो बाबांच्या उंचीत मिळवून हिशेब केला आणि चाक मेलगाडीच्या इंजिनाशी तंतोतंत जुळलं. गेलेल्या माणसाची उंची त्या चौकटीने इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि तिने मला पार दौंडच्या शेडमध्ये नेऊन सोडलं.

एकास दहाच्या मापाने आराखडा केला आणि आधी पुठ्ठ्याचं एक चाक कापून आईच्या हातात दिलं. तिने ते चाचपलं, उलटसुलट केलं. "येवढुसं? ताटलीयेवढं?" तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "येवढुश्यासाठी ऱ्हायला गो तो तिकडं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळं झाडलं, मधोमध खिळा ठोकला, सुतळी बांधली आणि चुन्याच्या फक्कीने चाक काढलं. पुऱ्या मापाचं, आऱ्यांसकट. पांढरं ठळक तिला अजून दिसतं. आई काठी टेकत कडेकडेने फिरली. मग आत शिरली, मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. बोटं रेषेपर्यंत पोचेनात.

"हे नुसतं एक चाक," मी म्हटलं. "अशी एकेका बाजूला तीन."

"आगो बाय माझे!" मग आईने काठी रोखून एकेक आरा मोजला. शेवटी म्हणाली, "येवढ्या धुडाला तो खायला घालायचा? नि मी म्हनायची, घरी येतो नि नुसता लोळतो."

मला हुंदका आवरेना. तिने मात्र मला कामाला लावलं. "रडतेस काय? नारळ आन, तांदूळ आन. वटी भर तिची. तू सवाशीण हायस."

"अगं आई, चुन्याचं चाक आहे ते!"

"असूंदे. येवढी वर्षां त्येला सांभाळलान, दर खेपेला धडधाकट घरी धाडलान. पयल्यांदा दारात आलेय, रिकामी धाडू?"

मी चाकाच्या मधोमध तांदूळ ठेवले, त्यावर नारळ, आणि हळदकुंकू वाहिलं. आईने वाकून रेषेला हात लावला आणि तो कपाळाला नेला. कपाळावर चुन्याचा पांढरा ठसा उमटला. तो तिने दिवसभर पुसू दिला नाही.