शेवटून तिसरी

दादाचा फोन आला तेव्हा मी भुसावळच्या बाजारात भाजी घेत होतो. ‘वहिनी गेली तुझी,’ एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले. सुषमावहिनीविषयी लिहायला बसलो की तिचं आजारपण डोळ्यांपुढे येत नाही. बबीनाची बस पकडायला पदर खोचून निघालेली वहिनी येते.

ती मूळची झाशीची, खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घरातली. दादा रेल्वेत लागून तिकडे गेला, तिच्याशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. वहिनी झाशीजवळच्या बबीना छावणीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. फौजेतल्या लोकांची मुलं तिथे बदलीबरोबर वर्षाच्या मध्येच येत. मी नोकरी शोधत दादाकडे राहत होतो, त्या वर्षी तिच्या तिसरीच्या वर्गात साताऱ्याकडच्या एका हवालदाराची मुलगी आली, वैशाली. मराठीत विचारलेलं गणित ती चटकन सोडवी, हिंदीत विचारलं की गप्प. सहामाहीत ती वर्गात शेवटची आली. मुख्याध्यापकांनी तिला दुसरीत बसवायचं ठरवलं. हवालदारांनी तर मायलेकींना गावीच धाडायचं ठरवलं. तिथे शाळा लांब... पोरगी बहुधा घरीच बसली असती.

वहिनी मला घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेली. हवालदारांनी प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं. ‘बाई, पोरगी ढ आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?’ वहिनीने त्यांना समजावलं की हे गुण पोरगी आज कुठे उभी आहे एवढंच सांगतात, ती कुठून निघाली ते सांगत नाहीत. आली तेव्हा तिला हिंदीचं एक वाक्य वाचून कळत नव्हतं. आता अडखळत का होईना, अख्खा परिच्छेद समजून वाचते. तेवढ्या काळात वर्गातलं दुसरं कुणी इतकं पुढे गेलेलं नाही. ‘वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा,’ ती म्हणाली, ‘मग हवं तर मीच या मायलेकींना गाडीत बसवून देईन.’ हवालदारांनी प्रगतिपुस्तक पुन्हा उघडलं. तोवर दाराशी उभी असलेली वैशालीची आई हळूच म्हणाली, ‘थांबू या.’

मुख्याध्यापक वाईट नव्हते. शाळेचा निकाल खाली येईल याची त्यांना धास्ती होती. वहिनीने रोज त्यांच्या मागे लागून एक गोष्ट कबूल करून घेतली: तिला दुसरीत बसवायचं की नाही ते वार्षिक परीक्षेनंतर ठरवायचं, आणि त्याआधी त्यांनी स्वतः तिला वाचायला लावायचं. मग मधल्या सुट्टीत ती वैशालीला जवळ बसवू लागली. अडलेला शब्द मराठीत सांगायची आणि पुन्हा हिंदीतच वाचून घ्यायची. वार्षिक परीक्षेत वैशाली शेवटून तिसरी आली, हिंदीत थोडक्यात नापास. मुख्याध्यापकांनी तिच्यापुढे न शिकवलेला धडा ठेवला. एका शब्दावर ती अडली, मागे गेली, स्वतःच सुधारून पुढे वाचू लागली. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, ‘बहनजी, इसे चौथी में ही बिठाइए.’

त्या संध्याकाळी वहिनीने शिरा केला. शेवटून तिसरीसाठी शिरा, म्हणून दादा हसला. पहिल्या नंबरासाठी सगळेच करतात, असं म्हणून तिने त्याच्याच ताटलीत आधी वाढला.

निवृत्तीनंतर ती गल्लीतल्या मुलांना संध्याकाळी ओसरीवर वाचायला बसवत असे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलं दारात येऊन घुटमळत उभी राहिली. दादाने आतून सतरंजी आणून अंथरली. त्याचा सगळा जन्म रेल्वेत गेला. शिकवणं त्याला कुठलं माहीत? त्याने सगळ्यांत लहान मुलीला जवळ बसवलं आणि विचारलं, ‘पिछली बार कहाँ तक पढ़ा था?’

तिने पुस्तकात बोट ठेवून दाखवलं.

‘तो अब वहाँ से आगे,’ दादा म्हणाला.