सानगडीचा ग्रँडमास्टर आणि पारावरची तोंडं

आमच्या सानगडीत बुद्धिबळ तोंडानं खेळतात. पटावर दोघं बसतात, पण चाली सांगायला भोवती सारा पार असतो. एखादा गप्प बसला तर लोक विचारतात, "काहून गा, घरी भांडण झालं का?"

आनंदरावांचा प्रविण याच पारावर शिकला, देशी डाव, ज्यात प्यादं एकेक घरच चालतं. पहिल्यांदा नागपूरला स्पर्धेत गेला तेव्हा समोरच्याचं प्यादं दोन घरं पुढं गेलेलं पाहून हा पंचाशीच भांडला, "हे कोणतं प्यादं जी, पळूनच राहिलं!" सारं सभागृह हसलं. पण तोच प्रविण पुढं ग्रँडमास्टर झाला, देशोदेशी खेळला, आम्ही बँड लावून त्याची मिरवणूक काढली. मग मिसरूड न फुटलेली पोरं त्याला हरवू लागली. तो खेळणं सोडून गावी आला आणि घरच्या पडवीत शिकवणी उघडली.

पहिल्याच दिवशी पारावरचा तेजराम पडवीत डोकावला आणि सवयीनं बोलला, "हत्ती काढ नं, पोरी!" प्रविणनं त्याला दंड धरून बाहेर काढलं. तेजरामनं रस्त्यात उभं राहून शिव्या घातल्या. मी समोरच होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू!

पण खरं वैर पेटलं ते हिरालालच्या दामिनीवरून. ती पोर म्हणजे प्रविणच्या शिकवणीचा जीव. तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही, असं तो स्वतः म्हणायचा. साकोलीच्या स्पर्धेत ती शेवटचा डाव जिंकत आली होती. दोरीमागं उभ्या हिरालालला राहवलं नाही. ओरडला, "उंट मार, उंट!" दामिनीनं उंट मारला. पंच पलीकडच्या पटावर वाकलेला, त्याला काही कळलं नाही. प्रविण उठला आणि पंचाला म्हणाला, "माझ्या मुलीला बाहेरून चाल सांगितली."

पंचानं डाव समोरच्याला दिला. परतीच्या एसटीत दामिनी बापापासून लांब बसली, गुरूपासूनही.

गावात आल्यावर हिरालाल पडवीच्या दारात उभा राहिला. "काहून बे, आपल्याच पोरीचा गळा कापला?"

"चाल तुम्ही सांगितली, हिरालालभाऊ."

"बाप सांगन नाही तर कोण सांगन? आजपासून माझी पोरगी येणार नाही!"

त्याच्यामागं बाकीच्यांनीही पोरं काढली. प्रविणची आई सत्यभामा पाण्याला गेली तर बाया तोंड फिरवत. प्रविण रिकाम्या पडवीत एकटाच पट मांडून बसे. शेवटी एक दिवस तो स्वतः पारावर आला. हिरालालसमोर पट मांडला.

"भाऊ, एक डाव खेळा. देशी. मी वजिराशिवाय खेळतो. हरलो तर शिकवणी बंद. जिंकलो तर दामिनी येईल."

"आणि लोकं बोलतीन!" हिरालाल म्हणाला.

"बोलू द्या."

मग काय विचारता! बाबुलाल म्हणे घोडा, तेजराम म्हणे हत्ती, मीही दोन चाली सांगून घेतल्या. प्रविण मान खाली घालून खेळत राहिला. हिरालालचा हात घोड्यावर गेला की तेजराम ओरडे, "अबे, मरशीन!" हात परत. तेजरामच्या सांगण्यावरून हत्ती काढला, तो गेला. बाबुलालच्या सांगण्यावरून वजीर पुढं केला, तोही गेला.

हिरालाल उठून उभाच राहिला. "तोंडं बंद करा रे तुमचे! डाव माझा हाये का तुमचा?"

पारावर असं कोणी कधी बोललं नव्हतं. तेजरामचा तर चेहरा उतरला. हिरालाल खाली बसला, घोडा चालवला, एकटाच लढला, बराच लढला. मात झालीच.

गर्दीमागून दामिनी म्हणाली, "बाबा, घोडा तुम्हाले पहिलेच दिसला होता नं?"

"दिसला होता. या भोंग्यायनं खेळू देल्लं नाही."

"मले बी उंट दिसला होता."

हिरालालनं तिच्याकडे पाहिलं नाही. प्रविणकडेही नाही. पटावरची सोंगटी बोटानं आडवी करत म्हणाला, "उद्यापासून येईन पोरगी. पण तुझ्या दारात मी थुंकायलेही येणार नाही."

"नका येऊ," प्रविण म्हणाला. "पण तिले टायमावर धाडा."

दुसऱ्या सकाळी हिरालालनं दामिनीला सायकलवर आणलं, पडवीच्या अलीकडंच उतरवलं आणि तोंड न दाखवता सायकल वळवली. आतून प्रविणचा आवाज आला, "उशीर झाला. बस."