धोटा ओढणारे ओठ

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. लोधीपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते पॉवरलूम चालवायचे. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की सुताची नवी कांडी बसवायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि एका झुरक्यात दोरा बाहेर ओढायचा. हातानं ओवत बसायला सवड कोणाला? दोऱ्याबरोबर कापसाची धूळही छातीत जायची. संध्याकाळी मिशीवर पिंज घेऊनच ते घरी यायचे आणि आई म्हणायची, "आले, म्हातारे होऊन आले."

मग खरंच म्हातारे झाले, आणि दारापासून ओसरीपर्यंत यायलाही त्यांना धाप लागू लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फुप्फुसाची आकृती डोळे मिटून काढीन. फुप्फुसाला स्वतःचं असं बळ नसतं. खालचा पडदा खाली सरकतो, बरगड्या उचलल्या जातात, छाती मोठी होते आणि हवा आपसूक आत येते. पार शेवटी असंख्य बारीक फुगे असतात. त्यांची भिंत इतकी पातळ की प्राणवायू पलीकडच्या रक्तात उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. कोणी ढकलत नाही. जिकडे जास्त असतो तिकडून जिकडे कमी असेल तिकडे वायू जातो, बस. दादांचे हे फुगे सैल पडले होते. हवा आत जायची, पण पुरती बाहेर पडायची नाही. शिळी हवाच जागा अडवून बसे, मग नव्या हवेनं शिरायचं कुठे?

दादांना एकच ध्यास होता. चैत्रात इच्छापूरच्या टेकडीवर स्वतःच्या पायांनी चढून देवीपुढे उभं राहायचं. कोणी उचलून नेलेलं त्यांना चालणार नव्हतं.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. नाकानं श्वास घ्या, ओठांचा चंबू करा आणि हळूहळू सोडा. सोप्पं काम! पण दादांनी चंबू केला की हवा आतच ओढली जायची. पुन्हा केला, पुन्हा आत. जन्मभर त्या ओठांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"दादा, फुंकायचं आहे, ओढायचं नाही."

"अवं, मले समजते. पन होठ गोल केले की सांस अंदरच जाते, मी काय करू?"

मी हसले, तेही हसले, आणि हसता हसता त्यांना असा खोकला आला की मी घाबरले. शेवटी आईनं वाफाळता चहा बशीत ओतून पुढे ठेवला. दादांनी सवयीनं फुंकर मारली. "हेच! हेच करायचं!" मी ओरडले. त्यानंतर महिनाभर त्यांनी चहाच्या, पाण्याच्या आणि रिकाम्याही बशीवर फुंकर मारली.

चैत्रात आम्ही गेलो. चार पायऱ्या चढायच्या, बसायचं, फुंकायचं, उठायचं. आमच्यामागून आलेली माणसं दर्शन घेऊन उतरूनही गेली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा दादा देवीपुढे उभे होते, घामानं निथळलेले, ओठ गोल.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"मांगतो कुठं? सांस सोडत होतो ना!"

त्याच वर्षी थंडीत ते गेले. फार आठवण येते. वर्गात श्वसनाचा धडा आला की फळ्याकडे तोंड करून जरा थांबावं लागतं.

यंदा चैत्रात मी एकटीच इच्छापूरला गेले. माझी छाती ठणठणीत आहे, एका दमात वर पोचले असते. पण चार पायऱ्या झाल्या की पाय थांबायचे आणि मी बसायची, शेजारी जागा सोडून. एक म्हातारी बाई वरून उतरत होती. थांबून तिनं मायेनं विचारलं, "धाप लागली का वं माय?"

मी म्हटलं, "हो."