मला वाचता येते

“काका, असं पुस्तकी बोलू नका ना. घरी बोलता तसं बोला. लई, हाय, न्हाई... असं.”

नांदेडच्या एका हॉटेलातील थंडगार खोली. डोळ्यांवर दिव्याचा झोत. सदऱ्याला चिमट्याने अडकवलेला माईक. समोर पुण्याहून आलेल्या मॅडम, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आणि भिंतीला टेकून उभी असलेली माझी मुलगी, शिवलीला.

मी अहमदपूरला कचेरीसमोर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझा मसुदा वकीलसुद्धा बदलत नाहीत. अर्ज कोणाच्या हातचा आहे, हे साहेबलोक पहिल्या ओळीवरून ओळखतात. हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगणारच.

शिवलीलाला गणित आणि इतिहास, दोन्ही शिकायचे होते. मोठ्या विद्यापीठात चौकशी केली. खिडकीतून उत्तर आले, “काहीतरी एक धरा.” गणित एका इमारतीत, इतिहास दुसरीत; तास एकाच वेळी. मग तिनेच पुण्याकडचे एक छोटे महाविद्यालय शोधून काढले. लिबरल आर्ट्सचे. तेथे मोजकी मुले, प्रत्येकाला नावाने ओळखणारे शिक्षक, आणि गणितासोबत इतिहास खुशाल घ्यावा. फी आम्हाला स्वप्नातही न झेपणारी. परंतु देणगीदारांची पूर्ण शिष्यवृत्ती होती. परीक्षेत ती पास झाली. मुलाखतीतही. देणगीदारांना दाखवण्यासाठी कुटुंबाची एक छोटी फिल्म काढायची, एवढेच उरले होते.

त्यासाठी मी निवेदन पाठ करून गेलो होतो. “महोदय, माझी कन्या ही उपजत बुद्धिमान असून...” येथपर्यंत आलो आणि मॅडम हसल्या. ते हसणे दुष्ट नव्हते. लहान मुलाने मोठ्या माणसाचा कोट घातला की आपण हसतो, तसे.

शिवलीलाने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांनीच विनवले. मी म्हणालो, “लई गरिबी हाय मॅडम.”

“परफेक्ट!”

कॅमेऱ्यामागून टाळी वाजली. आयुष्यभर कमावलेली भाषा मी एका वाक्यात खाली ठेवली, आणि त्याबद्दल मला टाळी मिळाली.

मग त्यांनी माझी खुर्ची बाजूला काढली. “आता खाली बसा काका. शिवलीला आमचं शिष्यवृत्तीचं पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही फक्त तिच्याकडे बघत ऐकायचं. म्हणजे, तुम्हाला वाचता येत नाही असं.”

“मला वाचता येते.”

“हो हो, माहितीये. पण फिल्ममध्ये नाही.”

मी माईक काढू लागलो. चिमटा सुटेना. ओढला, तसे सदऱ्याचे बटण तुटून पडले.

“माझी मुलगी हुशार आहे,” मी म्हणालो. “त्यासाठी मला अडाणी व्हावे लागत असेल, तर हे होणार नाही.”

“काका, नीट विचार करा. तिचं भविष्य आहे.”

विचार केला होता. म्हणूनच उभा होतो.

एसटीत शिवलीला खिडकीला डोके लावून बसली. लोहा गाव मागे पडले, तेव्हा म्हणाली, “अप्पा, एक कागदच ऐकायचा होता की.”

मी सदऱ्याची तुटलेल्या बटणाची जागा मुठीत धरली.

घरी तिची आई म्हणाली, “बसला असता खाली, तर काय झिजत होतं का तुमचं? लेकरू शिकलं असतं.” कचेरीसमोरचा चहावाला म्हणाला, “काय अप्पा, शूटिंगला गेले म्हणं? हिरोचा रोल भेटला का हिरोच्या बापाचा?”

ती जागा दुसऱ्या कोणाच्या मुलीला मिळाली. तिचा बाप खाली बसला असेल. मी त्याला दोष देत नाही.

शिवलीला मोठ्या विद्यापीठात गणित शिकते. मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही. तासिका तत्त्वावर नेमलेले सर दिवाळीनंतर आलेच नाहीत; नवे कोणी नाही. इतिहासाचे नाव ती काढत नाही. माझ्याशी कामापुरते बोलते.

गणिताला शिक्षक द्यावा आणि इतिहासाच्या तासाला बसू द्यावे, असा अर्ज मी लिहिला. आमच्या धंद्याची रीत अशी, की अर्जदार आधी गरीब, मग अडाणी, आणि शेवटी कृपाभिलाषी. तिन्ही शब्द गाळले. ‘विनंती’ खोडून ‘मागणी’ लिहिले. सही करताना शिवलीला म्हणाली, “यानं काय होणार हाय अप्पा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सही कर.”

उत्तर आले नाही. दुसऱ्या अर्जाचेही आले नाही. तिसरा लिहीत आहे, खुर्चीवर बसून, माझ्याच भाषेत. माझ्यामुळे नुकसान झाले, असे ती म्हणते. खरे आहे. तिच्यासाठी मी उपोषणाला बसेन. भर उन्हात, विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर बसेन. अडाणी म्हणून बसणार नाही.